कवळीवाले डॉक्टर

ते खरे डॉक्टर होते की नव्हते, हे मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. रंगूनला शिकलो, असं ते म्हणायचे. आता सोलापुरातून रंगूनला कोण विचारायला जाणार? गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तिकडं सागवानाच्या वखारीत कामाला असेल, करवत धरायला शिकला असेल, आणि तीच आता इथं माणसांच्या तोंडात घालतोय.

त्यांची खोली आमच्या समोरच, अरुंद रस्त्याच्या पलीकडं होती. दारात उभं राहिलं की त्यांचं बोलणं आमच्या चुलीपर्यंत ऐकू यायचं. दारावर पत्र्याची पाटी. रंगवणाऱ्यानं अक्षरं बारीक काढली होती आणि तोंड मोठं. नुसतं तोंड. वर नाक नाही, डोळे नाहीत, आणि ते तोंड हसत होतं. तिन्हीसांजेला तान्ही पोरं घेऊन त्या बाजूनं जाताना बायका पोरांच्या डोळ्यांवर पदर धरायच्या.

त्या दिवसांत मार्शल लॉ लागून गावात लष्कर येऊन गेलं होतं. नवा माणूस दिसला की तो सरकारचा खबऱ्या तर नाही ना, हेच लोक आधी बघायचे. त्यातून हे एकटे. बायको नाही, पोरंबाळं नाहीत. जात विचारली तर म्हणायचे, "सांगून काय उपयोग? कुठलीही सांगितली तरी माझ्या खुर्चीतून उठल्यावर तुम्ही अंघोळ करणारच." आणि ते खरंच होतं. त्यांच्याकडं जाऊन आलेला माणूस घरात शिरायच्या आधी नहाणीत शिरायचा.

पण लोकांच्या डोळ्यांवर सगळ्यात जास्त आलं ते वेगळंच. दातांच्या डॉक्टरांना स्वतःला एकही दात नव्हता.

त्यांना वरची आणि खालची कवळी होती. तांबड्या रबराच्या हिरड्या आणि त्यात बसवलेले पिवळट दात. आमच्यापैकी कुणी तोवर असलं काही पाहिलं नव्हतं. दुपारी खिडकीतल्या काचेच्या पेल्यात ते दात पाण्यात पडलेले असायचे आणि डॉक्टर आत भाकरी दुधात कुस्करून खात असायचे. जेवताना दात काढायचे आणि बोलताना घालायचे. कुणी दारात हाक मारली की आधी पेल्यात हात जायचा, मग "या" ऐकू यायचं. ते दात मसणातनं आणलेत, अशी बोलवा होती. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, त्या एवढं म्हणत नसत. त्यांचं म्हणणं साधं होतं, "ज्येला सोताचं दात राखता आलं न्हाईत, त्यो लोकांचं काय राखणार?"

लोकांना त्यांचा संशय यायचा हे खरं, पण त्यांना लोकांचा जो संशय यायचा त्यापुढं आमचा काहीच नव्हता. आपल्या पाण्याच्या मडक्यावर ते झाकण ठेवायचे आणि झाकणावर दगड. संक्रांतीला तिळगूळ दिला तर म्हणायचे, "गोड बोलेन, पण घेणार नाही." गवळ्याचं दूध बोटावर घेऊन उन्हात धरून बघायचे. आणि आई या जातीवर तर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. पोराला घेऊन बाई आली की तिचं ऐकायच्या आधीच त्यांची मान नकारानं हलायला लागायची.

"पोराचा दात कधी एकटा किडत नाही," ते म्हणायचे. "घरातलं कुणीतरी त्याला मदत करतं."

बायका म्हणायच्या, "दुधाचं दात हायती, पडणारच की."

"केसही पुन्हा उगवणारच आहेत. म्हणून डोक्याला आग लावता का?"

आईला ते विचारायचे नाहीत, पोराला विचारायचे. गुडघ्याशी उभं करून अगदी लाडात, "तुमच्यात गूळ कुठं ठेवतात रे?"

"फळीवर. मडक्यामागं."

"मग तुझा हात पोचत नसेल."

"पाटावर चढतो की!"

मग आईकडं वळून नुसते बघायचे. त्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी जाऊन ती पहिल्यांदा गुळाची जागा बदलायची. पोरापासून लपवायला नाही, डॉक्टरांपासून! परक्या माणसाला आपल्या घरातला गूळ कुठं असतो हे कशाला हवं, अशी साऱ्या गल्लीला काळजी पडली होती. मी लाजरी, कुणाशी चार शब्द बोलायची नाही, पण मीही आमचा गुळाचा डबा हलवला होता.

त्यांची एक गोष्ट मात्र मला अजून जशीच्या तशी दिसते.

आमच्या शेजारी तेलुगू विणकराचं घर होतं. तिथल्या बाईला आम्ही अक्का म्हणायचो. तिच्या नरसूची दाढ दुखायला लागली, तेव्हा तिनं दातातली कीड काढणारीला बोलावलं. ही बाई वर्षातनं एखाददा गावात यायची. तिची रीत अशी, की निखाऱ्यावर तूप लावलेल्या रिंगणीच्या बिया टाकायच्या, वर बोरूची नळी धरायची, नळीचं दुसरं टोक पोराच्या तोंडात, आणि तोंडाखाली पाण्याचं ताट. धूर गेला, पोराची लाळ गळाली की ताटात बारीक पांढरे किडे तरंगताना दिसायचे. सगळ्यांनी ते लहानपणापासून पाहिलेले. माझ्या माहेरीही पाहिलेले.

नरसूच्या तोंडातून किडे पडले. बायका "अगंबाई" म्हणाल्या. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि डॉक्टर आले. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, पायात काही नाही. ते अंगणात येऊन उकिडवे बसले आणि त्या बाईला म्हणाले, "माझेही काढ."

ती घाबरली. "तुमचं कशाला, दादा?"

"मला फार त्रास आहे. काढ."

बायका जवळ सरकल्या. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तोंडातली वरची कवळी काढली, मग खालची काढली, आणि दोन्ही खिशात टाकल्या. त्यांचं तोंड असं आत गेलं की नरसू रडायचा थांबला. मग त्यांनी स्वतःच बिया निखाऱ्यावर टाकल्या, नळी तोंडात धरली, धूर घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ताटात लाळ पडली आणि लाळेबरोबर किडे पडले. नरसूच्या वेळी पडले होते त्याहून जास्त.

कवळी पुन्हा बसवून ते उठले आणि बायकांकडं बघून म्हणाले, "आता सांगा. माझ्या तोंडात दात नाही, दाढ नाही. हे किडे आले कुठून?"

ते बियांकडं बोट दाखवून समजावायला लागले, की उष्णतेनं बी फुटतं, आतला पांढरा कोंब बाहेर येतो, धुराच्या झोताबरोबर नळीतून येऊन पडतो. पण त्यांचं ऐकत होतं कोण? अक्का ताटाकडं बघत हबकून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "अय्यो! दात खाऊन संपले, तरी किडे ऱ्हायलेच की हो तोंडात!"

मग साऱ्याच बायका मागं सरकल्या. आत्यांनी मला दंडाला धरून घरात ओढलं. "चल आत. त्येच्या तोंडात वारूळ हाय, वारूळ!"

डॉक्टरांनी बोरूची नळी त्या बाईच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाई, धंदा तुझाच चालणार." आणि गेले.

त्यानंतर लहान पोरांना कुणी त्यांच्या दारापुढून नेईना.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या पोरीचं, कुशीचं, दुखणं सुरू झालं.

कुशी माझी थोरली, तेव्हा तिसऱ्यात होती. तिचे वरचे पुढचे दात आले तेच जणू डाग घेऊन. आधी पिवळे, मग तपकिरी, मग कडा झिजून काळे खुंट. ती हसली की आत्या म्हणायच्या, "दात न्हाईत, तीळ हायती." आम्ही हसायचो. मग ती भाकरी नको म्हणायला लागली. आत्यांनी आपल्या मिश्रीचं बोट तिच्या हिरडीवर फिरवलं. लवंगेचं तेल लावलं, हिंग भरला. एका सकाळी तिचा गाल लिंबाएवढा वर आला आणि दुपारपर्यंत डोळ्याची खालची पापणी उचलली गेली. अंग असं तापलं की हात लाववेना. तिला रडायचंही बळ उरलं नाही, नुसती कण्हायची. वर्षापूर्वी पलीकडच्या ओळीतलं एक पोर असंच गाल सुजून गेलं होतं.

मी तिला उचललं आणि समोरच्या दारात गेले. कुणाला विचारलं नाही. आत्या मागून आल्या, "थांब, मीबी येते. दात काडला तर त्यो ठिवून घील बरणीत!" कारण आपल्याकडं दुधाचा दात पडला की शेणात घालून कौलावर टाकायचा, म्हणजे उंदरासारखा बळकट नवा येतो. डॉक्टरांच्या कपाटात काढलेल्या दातांची बरणी होती, आणि ज्याचा दात त्या बरणीत गेला त्याला पुन्हा दात येत नाही, असं सगळे म्हणायचे.

डॉक्टरांनी कुशीला खुर्चीत माझ्या मांडीवर बसवलं. दांडीचा छोटा आरसा तोंडात घातला. बराच वेळ बघितलं. मग आरसा पुसत त्यांनी कुशीकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"झोपताना हिच्या तोंडात काय देतेस?"

मी मान हलवली. काही नाही.

"खोटं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आत्या पुढं झाल्या, "ती कशाला खोटं बोलंल? पोरीला येळंवर जेवान, येळंवर झोप. आमच्यात पोरास्नी असलं काय देत न्हाईत."

"आजी, इकडं या. बघा. वरचे पुढचे गेले. खालचे पुढचे कसे आहेत?"

आत्यांनी वाकून बघितलं. खालचे पांढरेशुभ्र होते.

"दिवसा खाणाऱ्या पोराचं असं होत नाही. झोपेत तोंडात गोड धरून राहिलं की लाळ थांबते, वरचे दात गोडात भिजतात. खालच्यांवर जीभ पांघरूण घालते, म्हणून ते वाचतात. हिला झोपेत कुणीतरी गोड देतंय. रोज देतंय. तुमच्या घरात चोर आहे."

मग त्यांनी सुजलेल्या बाजूची दाढ काढली. बोळ्यानं काहीतरी लावलं, मला म्हणाले तिचे हात धर, आणि मी डोळे मिटले. कुशीची एकच किंकाळी ऐकू आली. डोळे उघडले तर वाटीत रक्त आणि पू, आणि डॉक्टरांच्या कपाळावर घामाचे थेंब. दाढ आत्यांनी मागितली. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी ती कागदात बांधून दिली. "घ्या. पण चोर सापडला नाही तर राहिलेलेही असेच एकेक घेऊन जाल. आणि दर वेळी तुम्ही वेळेवर पोचालच, असं नाही."

संध्याकाळी सूज उतरायला लागली. रात्री ताप गेला. पण त्या माणसानं आमच्या घरात जे आणून सोडलं ते उतरेना.

घरात आम्ही मोठी माणसं तिघं. मी देत नव्हते, हे मला ठाऊक. हे तर गिरणीच्या भोंग्याच्या आधी अंधारात घर सोडायचे, गिरणी सुटली की अक्काच्या घरी मागावर ताणा लावायला बसायचे, आणि घरी यायचे तेव्हा कुशी झोपलेली. बापाचं तोंड तिला सुट्टीलाच दिसायचं. म्हणजे उरल्या आत्या. दुपारी मी नळावर गेले की कुशीला त्याच झोपवायच्या. मी घागर अर्धीच भरून परत यायला लागले. दाराशी पाय न वाजवता उभी राहायची. आत्या पोरीला थोपटत असायच्या आणि दुसरं काही नाही. गुळाच्या डब्यातल्या गुळावर मी बोटानं रेघ मारून ठेवायला लागले, आणि एक दिवस बघते तर माझ्या रेघेशेजारी दुसरी रेघ. त्यांचीही माझ्यावर पाळत होती.

शेवटी एकदा मी दारात सापडले.

"माज्यावर नजर ठिवतीस व्हय गं?"

मी घागर खाली ठेवली.

"चार पोरं वाढवली मी. एकाचा दात गेला न्हाई. त्या बोळक्यानं कान भरलं आनि तुला मी चोर दिसाया लागले? घे तुजी पोर. आता हात न्हाई लावायची मी."

आणि खरंच त्यांनी हात लावणं सोडलं. कुशी "आजी" म्हणून पदर ओढायची आणि आत्या भिंतीकडं तोंड करून शेंगा फोडत बसायच्या. समोरच्या खिडकीत पेल्यातले दात दिसले की मला वाटायचं, जाऊन तो पेला रस्त्यात ओतून द्यावा. पोर वाचवलं हे खरं. पण असं बोलून घर फोडायचा अधिकार त्या डॉक्टरांना कुणी दिला? आणि ते खरं कशावरून? दात बघून घरातली गोष्ट कळते, हे कुठल्या शास्त्रात आहे? आपल्यावर संशय घेणाऱ्यांच्या घरात तो मुद्दाम संशय पेरत असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

एका पहाटे मला आधीच जाग आली होती. हे अंधारात उठले, तोंड धुतलं, शिदोरी घेतली. मी पडूनच होते, मला वाटलं निघाले. पण ते परत आत आले, कुशीच्या अंथरुणाशी बसले. कोपरीच्या खिशातून काहीतरी काढलं. एका बोटानं तिचा गाल हळूच ओढून ते आत सरकवलं. कुशी झोपेतच चोखायला लागली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि ती चोखते आहे तोवर तिच्याकडं बघत बसले. भोंगा झाला तसे दचकून उठले आणि गेले.

मी कुशीच्या गालात बोट घातलं. खडीसाखरेचा खडा होता, अर्धा विरघळलेला.

ह्यांच्याशी आपणहून बोलायची मला सवय नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी "जेवायला वाढू का" याच्यापलीकडं मी कधी काही विचारलं नव्हतं. तो खडा मी धुऊन वाटीखाली झाकून ठेवला. आणि रात्री दुसऱ्या दिवसाची शिदोरी बांधताना भाकरीवर शेंगांची चटणी, चटणीशेजारी तो खडा ठेवून फडकं बांधलं.

ती शिदोरी खाऊन हे रात्री आले, माझ्याकडं बघितलं नाही, जेवले आणि झोपले. पुढच्या पहाटे ते कुशीजवळ गेले नाहीत. तिच्या अंथरुणाला वळसा घालून गेले.

गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी मी दारात भांडी घासत होते. हे कुणाला न सांगता रस्ता ओलांडून समोर गेले. पेल्यात हात गेल्याचा आवाज आला, मग "या".

"चोर मीच हाय," हे म्हणाले.

माझे हात राखेत तसेच थांबले. आत्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या, मला नंतर कळलं.

"मी जातो तवा ती झोपल्याली. येतो तवा झोपल्याली. तोंडात खडा ठिवला की हसती झोपंत. तेवडंच मला दिसायचं. मला काय ठावं त्येनं असं होतंय?"

"आता माहीत झालं."

"व्हय. बंद केलं." मग ह्यांनी विचारलं, "मग मी तिला काय देऊ?"

मी इतके दिवस त्या माणसाला बघत होते. एखाद्याच्या प्रश्नावर ते गप्प झालेले मी पाहिले नव्हते. उत्तर आधीच तयार असायचं, आणि ते टोचणारं असायचं. त्या दिवशी ते गप्प राहिले. मी मान वर केली तर ते खिडकीशी आले होते आणि रिकाम्या पेल्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आणि तो नसताना तो चेहरा मला ओळखू येईना.

"उठवत जा तिला," शेवटी ते म्हणाले.

"रडंल की ती. अंधारात उठवल्यावर."

"रडू द्या. रडताना तोंड आपोआप उघडतं. तेवढ्यात दिवा धरून दात बघून घ्यायचे. ओल्या फडक्यानं पुसायचे. बापाचं काम आहे ते, आईवर माझा विश्वास नाही."

माझ्या मागं आत्या फिसकन हसल्या. भांडण झाल्यापासून पहिल्यांदा. "ऐक गं," त्या म्हणाल्या, "बोळकं काय म्हंतंय!" आणि खाली बसून त्यांनी माझ्या हातातली कढई घासायला घेतली.

दुसऱ्या पहाटेपासून आमच्या घरात रोज आकांत सुरू झाला. हे कंदील हातात घेऊन कुशीला उठवायचे, ती टाहो फोडायची, पलीकडून अक्का तेलुगूत शिव्या घालायची. हे एका हातानं कंदील धरून, दुसऱ्या हातातल्या फडक्यानं एकेक दात पुसायचे, आणि दिवसभर गिरणीत जाऊन जोडीदारांना सांगायचे, आज खालचे दोन कसे लख्ख होते. राहिलेले काळे खुंट तसेच राहिले, पण त्यांतला एकही पुन्हा सुजला नाही.

डॉक्टर त्यानंतर फार दिवस आमच्या गल्लीत राहिले नाहीत. कुठं गेले ते कुणी विचारलं नाही. खबऱ्याच होता, काम झालं, गेला, असं काही जण म्हणाले. मीही कधी खात्रीनं नाही म्हणू शकले नाही.

आमच्या घरातला पहाटेचा आकांतही हळूहळू कमी होत गेला. मग एक दिवस तो झालाच नाही. मी चुलीशी होते, मला वाटलं हे विसरून गेले की काय. वळून बघितलं तर ह्यांनी अजून कंदील उचललाही नव्हता. कुशी आपली आपण उठून अंथरुणात बसली होती, डोळे मिटलेलेच होते, आणि बापाच्या दिशेनं मान वर करून तिनं तोंड उघडून धरलं होतं.